चार घरांचा कागद

चिकलठाण्याला मुंबईचं विमान टेकतं नऊ वीसला.
आमचं ठरलेलं, नऊ दहाला सगळ्यांनी ॲप बंद.
अकरा गाड्या, अकरा विझलेले मोबाईल,
आणि कचरू त्रिभुवनची तंबाखूची डबी
या काचेतून त्या काचेत.

गाड्या दिसेनाशा झाल्या की कंपनीचं यंत्र घाबरतं,
भाव चढवतं.
स्टेशनचे दोनशे दहा तीनशे होतात,
मग तीनशे ऐंशी.
तेव्हा रुस्तुम शेजूळनं दोनदा खोकायचं,
की सगळ्यांनी एकदम चालू.
लबाडी म्हणा. पण शंभरातले अठ्ठावीस
कंपनी न खोकता नेते.

पहिला महिना बरा गेला.
दुसऱ्यात मला कळलं की दहाजण बंद ठेवून बसलेत
तेव्हा एकट्यानं चालू करण्यासारखं सुख नाही.
हे मलाच कळलं असं नाही.
मुश्ताकला कळलं.
रुस्तुमला कळलं, खोकणाराला!
नऊ बाराला कुणीतरी म्हणायचा, लघवीला जाऊन येतो,
आणि गाडीसकट जायचा.

शेवटी भाव आला एकशे ऐंशीवर.
डबी कचरूच्याच खिशात राहिली.

*

मग परिवहन कार्यालयातून बोलावणं.
नवे नियम करायचेत, एकेकट्यानं या.
औताडे मॅडम, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं.
टेबलावर कागद, कागदावर चार घरं,
प्रत्येक घरात पेन्सिलीचे दोन आकडे.
तुम्ही बंद, तो बंद.
तुम्ही बंद, तो चालू.
मी म्हटलं, हे तर आमचं पार्किंगमधलं भांडण,
तुम्हाला कुणी सांगितलं?
म्हणाल्या, कुणी नाही. हे सगळीकडचंच आहे.

त्यांनी विचारलं,
कमीतकमी भाव बांधला, जास्तीतजास्तही बांधला,
कंपनीला शंभरात पंधरा, आणि गाड्यांना नंबर लावला,
तर तुम्ही कोणत्या घरात जाऊन बसाल?
मी लई वेळ बघत राहिलो.
मग खरं ते सांगितलं.
मी प्रवाशाला म्हणेन, रद्द करा, रोख द्या.

मला वाटलं चिडतील.
त्यांनी खोडरबर घेतलं.
म्हणाल्या, चांगल्या माणसांसाठी नियम लागत नाही.
मला असा पाहिजे, की तुम्ही फक्त स्वतःचं बघितलं
तरी कुणाचं वाटोळं होऊ नये.
खोडरबराचा भुगा फुंकला. पाचवं घर आखलं.
पंखा नव्हता. कागद तरी हलत होता.

मसुदा वर गेलाय म्हणे. वर म्हणजे किती वर, माहीत नाही.

*

पोळ्याच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा ठरवलं,
या खेपेला बैलाची शपथ,
बैल अकरांपैकी एकाकडेही नाही.
नऊ चौदाला मी गुडघ्याखाली मोबाईल धरून
चालू केला.
तीनशे चाळीस.
एक बाई आली, हातात एक्स-रेचा लांब पाकीट,
ओटीपी सांगताना दोनदा चुकली.
आकडे टाकल्यावर ठिकाण उघडलं,
घाटी दवाखाना.

सेव्हन हिलच्या पुलावर ती फक्त एवढंच बोलली,
दादा, खिडकी उघडता येते का.

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून गाडी लावली.
रुस्तुम म्हणाला, घाटीचं होतं ना, जाऊ दे.
मुश्ताक म्हणाला, अरे उसमें क्या.
घाटीचं होतं, घाटीचं होतं,
असं म्हणत सगळे आपापल्या काचा पुसत राहिले.

आता बघा,
आकडे टाकल्याशिवाय ठिकाण दिसत नाही.
हे दहाही जणांना माहीत आहे.
रोज त्यावरूनच कंपनीला शिव्या घालतात.

मॅडमना हे कळवायचं राहिलं.
कळवून तरी कोणत्या घरात लिहितील?

डबी आली माझ्यापर्यंत.
चुना थोडा कमी होता.